मुलकी बहीण, गैरमुलकी भाऊ

आमच्या आजीचं माहेर बार्शी, म्हणजे इंग्रजी हद्द. सासर लातूर, म्हणजे मोगलाई. राज्य निजामाचं, पण जुनी माणसं मोगलाईच म्हणत. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी दोन्ही गावांना जोडायची आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आडवा यायचा. आजी माहेरी निघाली की आजोबा पैसे बदलून आणत : निजामाच्या सात हाली रुपयांना इंग्रजांचे सहा कलदार. परतताना नवं लुगडं जकातीत सापडू नये म्हणून ती ते अंगावर नेसूनच यायची. हे सांगताना तिला कधी संकोच वाटला नाही.

तिचा धाकटा भाऊ मॅट्रिक झाला. आजोबांनी त्याला नांदेडच्या शाळेत मास्तरकीसाठी अर्ज करायला लावलं. तिथे पहिला प्रश्न : मुलकी दाखला? १९१९ च्या फर्मानापासून सरकारी नोकरी मुलकी, म्हणजे राज्यातल्याच, माणसाला होती. बाप मुलकी असेल तर मूल जन्मानं मुलकी. नाहीतर १५ वर्षं राज्यात कायम राहायचं आणि मूळ गावी परतायचा विचार सोडला, असं मॅजिस्ट्रेटपुढे लिहून द्यायचं. मुलकी माणसाची बायको मात्र आपोआप मुलकी. आजीला तो दाखला अक्षता पडताच मिळाला होता. भाऊ परका ठरला.

"माझ्या कुंकवाला मान, अन् माझ्या पाठच्याला नाही," आजी म्हणायची.

नियमामागचं कारण खोटं नव्हतं. उत्तरेकडून आलेले लोक मोठ्या जागा अडवत, ही तक्रार हैदराबादेत जुनी होती. पण त्यात आईच्या जन्माला किंमत नव्हती, हे आजीला वकिलांपेक्षा आधी कळलं होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. भारताच्या घटनेतली नागरिकत्वाची ५ ते ९ कलमं २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाली, बाकी बरीचशी घटना दोन महिन्यांनी. पाचव्या कलमात इथे राहणाऱ्याचा स्वतःचा जन्म किंवा आईवडिलांपैकी कुणाही एकाचा जन्म भारतातला असला तरी चालतो. नवव्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपखुशीने घेणाऱ्याला दार बंद केलं. मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि बार्शी-लातूर एका राज्यात गेले. तेलंगणात मुलकीचं भांडण १९७३ च्या ३२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत पेटत राहिलं.

आता माझी आतेबहीण अमेरिकेत असते. तिच्या मुलीचं ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड आलं, तेव्हा घरात "दुहेरी नागरिकत्व मिळालं" म्हणून पेढे वाटले गेले. ते तसं नाही. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पात्रतेच्या यादीत एक ओळ आहे : १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातला माणूस, त्याचं मूल, नातवंड, पतवंड. ती वाचताना मला आधी लातूरच दिसलं.

शेतीची अट ऐकून आत्या म्हणाली, "विकत कशाला घ्यायची? तिच्या आईच्या वाट्याची औशाजवळ पडलीय की."

वारशानं आली तर चालते, हे तिला मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं.