तेव्हा भिवंडी का पेटली नाही?

ऑफिसात कुणी विचारलं, "राहतोस कुठे?" की मी सांगतो, शेलारला. समोरच्याला कळत नाही. मग म्हणतो, भिवंडी, नदीनाक्याजवळ. त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "भिवंडी? तिकडे दंगली होतात ना?"

माझा जन्म नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. मी इथं गोदामं वाढताना पाहिली, रस्त्यातले खड्डे पाहिले, यंत्रमाग बंद पडताना पाहिले. दंगल पाहिलेली नाही. तरी गावाची ओळख तीच.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात असदची सत्ता कोसळली. जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. एक सहकारी म्हणाला, "अशा देशात लोकशाही टिकणं शक्यच नाही. एवढे धर्म, एवढे पंथ, त्यात इतकी वर्षं युद्ध. डोक्यावर दांडका घेऊन कुणीतरी बसलेलाच लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, पण मनात घरचाच विचार आला. भिवंडी म्हणजे देश नव्हे आणि इथं युद्धही झालेलं नाही, हे मान्य. पण प्रश्न त्याच जातीचा आहे. काल ज्यांनी एकमेकांची घरं जाळली, त्यांनी आज एकाच नळावर पाणी भरायचं आणि एकाच रांगेत मतदान करायचं. हे जमतं का?

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं चौकशी केली. दंगल एका दिवसात आकाशातून पडली नव्हती, आधीच्या काही वर्षांत वातावरण तापवलं गेलं होतं, असं अहवालातून दिसतं. दंगलीनंतरच्या पोलिस तपासात धर्म पाहून भेदभाव झाला, असा ठपकाही आयोगानं ठेवला. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी, ठाणे आणि मुंबईत पुन्हा तेच झालं. या वेळी अडीचशेहून जास्त माणसं गेली.

बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना जाळपोळीपेक्षा शांतता जास्त आठवते. रात्रंदिवस चालणारी मागांची खटखट अचानक थांबली आणि आजी दचकून जागी झाली. आमच्याकडे आवाज थांबला की माणसं घाबरतात.

इथं एक गोष्ट नीट पाहायला हवी. या गावात हिंदू-मुसलमानांचा संबंधच नव्हता, असं नाही. कारखाना एकाचा, सूत दुसऱ्याचं, माग चालवणारा कामगार उत्तर प्रदेशातला किंवा तेलंगणातला, कापड घेणारा व्यापारी तिसराच. व्यवहार रोजचा होता. तरीही १९७० झालं आणि १९८४ झालं. म्हणजे "एकत्र धंदा करतात, ते भांडत नाहीत" हे सुभाषित आमच्या गावात दोनदा नापास झालं आहे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीत पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरात सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता समित्या आधीही असत. सण आला की ठरलेले पुढारी जमत, चहा होई, फोटो निघे. या कमिट्या वेगळ्या होत्या. त्यांत वस्तीतली साधी माणसं होती, दोन्ही धर्मांची, आणि बैठकी दंगलीची वाट न पाहता होत. आमच्या ओळखीचे एक चाचा तेव्हा अशा कमिटीत होते. ते सांगतात, सुरुवातीला दंगलीचं नावही कुणी काढलं नाही. गटार, पाणी, एका घरातलं नवरा-बायकोचं भांडण, असेच विषय. "पण बेटा, महिनोन्महिने गटारावर भांडलो की माणूस कळतो. मग त्याच्या नावानं अफवा आली, की आपण थेट त्यालाच विचारतो."

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. सगळ्यांचं लक्ष भिवंडीकडे होतं, कारण इतिहास तसाच होता. भिवंडीत दंगल झाली नाही.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात भिवंडीचं उदाहरण घेतलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शहरात नुसती शेजाऱ्यांची ओळख पुरत नाही. दोन्ही धर्मांची माणसं ज्यांत नियमित भेटतात, अशा संस्था लागतात.

आता लेबनॉन पाहा. तिथं १९४३ पासून पदं धर्म-पंथांप्रमाणे वाटलेली आहेत. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा अध्यक्ष शिया. शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ची, कारण नवी मोजणी केली तर वाटणीचा हिशेबच मोडेल. १९७५ ते १९९० तिथं यादवी युद्ध झालं. १९८९ च्या ताईफ करारानं संसदेत ख्रिश्चन आणि मुसलमानांना समसमान जागा दिल्या. अशा वाटणीनं बंदुका खाली ठेवायला मदत होते, आणि हे छोटं यश नाही. पण प्रत्येक नेत्याला आपल्याच पंथाकडून बळ मिळतं. दुसऱ्या वस्तीतल्या गटाराची काळजी करण्याचं त्याला कारण उरत नाही.

म्हणून भिवंडीचं मॉडेल उचलायचं आणि बैरुतमध्ये लावायचं? इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. आमच्या कमिट्या पोलिसांनी बांधल्या होत्या. १९७० मध्ये तपासात भेदभाव करणारं जे खातं, त्याच खात्यानं वीस वर्षांत वेगळं वागून दाखवलं, म्हणून ते शक्य झालं. जिथं पोलिस हाच एका बाजूचा सशस्त्र गट असतो, तिथं बैठक बोलावणार कोण? माझ्या मते युद्धानं मोडलेल्या देशातली खरी अडचण ही आहे. लोक एकमेकांचा द्वेष करतात, हे कारण मला दुय्यम वाटतं.

दुसरी अडचण आम्हा इंजिनिअरांना लगेच कळते. सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर असली, की तो बंद पडताच सगळं बंद. अधिकाऱ्याची बदली होते. ५ जुलै २००६ ला क्वार्टर गेट कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलिस ठाणं बांधण्यावरून वाद पेटला. पोलिस गोळीबारात दोन जण मेले आणि जमावानं दोन पोलिसांना मारलं. ज्या विश्वासावर १९९२ निभावलं, तो पोलिस आणि वस्ती यांच्यातला विश्वास तेव्हा कामी आला नाही. दंगल थोपवणं आणि न्याय मिळणं यांत फरक आहे, हेही विसरून चालणार नाही. कमिटी पहिलं करू शकते. दुसऱ्यासाठी कोर्ट आणि सरकारच लागतं.

तरीही टेबलावरच्या त्या सहकाऱ्याला माझं उत्तर आहे. डोक्यावरच्या दांडक्यानं १९८४ थांबलं नव्हतं. १९९२ थांबलं ते कंटाळवाण्या बैठकांनी, आणि पोलिस दोन्ही बाजूंचे आहेत असं लोकांना वाटू लागल्यानं. लोकशाही टिकेल का, हे निवडणुकीच्या दिवशी कळत नाही. दोन निवडणुकांच्या मध्ये कोण कोणाला भेटतं, त्यावरून कळतं.

मागच्या वर्षी रात्री अकराला गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. "आपल्या भिवंडीतला" असं खाली लिहिलेलं. मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, खाली रस्त्यावरच उभा आहे, काही नाही, झोप. व्हिडिओ भलतीकडचा निघाला.

नंतर मी फोनमधले नंबर चाळले. अशा वेळी रात्री अकराला ज्यांना उठवू शकेन, असे दुसऱ्या धर्माचे गावातले किती लोक? तीन निघाले. त्यातले दोन बाबांच्या वयाचे आहेत.

तुमच्या फोनमध्ये किती आहेत, एकदा मोजून बघा.