मौनाचा अर्थ

एकाच वाड्यांत चार बिऱ्हाडें नांदावीं, प्रत्येकाची चूल वेगळी असावी, आणि रस्त्याकडे उघडणारी दिंडी मात्र एकच असावी, हा देखावा महाराष्ट्रास परिचित आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गांवीं हल्लीं घरांतील संगणकाच्या पेटींतहि अशीं बिऱ्हाडें थाटतां येतात. एका प्रत्यक्ष यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें चालविण्याची ही युक्ति नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत ती सिद्ध केली, आणि १९७२ सालीं ती ‘व्हीएम ३७०’ या नांवानें ग्राहकांसाठीं जाहीर झाली.

परंतु बिऱ्हाड थाटलें म्हणजे दिंडीबाहेरचा व्यवहार सुरळीत चालेलच, असें नाहीं. घरांतील इतर संगणक जगाशीं बोलत आहेत आणि एक आभासी यंत्र तेवढें मुकें, असा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळीं उतावळा गृहस्थ सर्व कांहीं पुसून पुन्हा मांडामांड करूं लागतो, आणि त्या गडबडींत कधीं कधीं घरचीं छायाचित्रें व हिशेब कायमचे नाहींसे होतात.

वास्तविक, मौन नेमकें कोठें सुरू होतें हें शोधण्याचें साधन फार सोपें आहे. १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेंतील माइक म्यूस यांनीं तें एका संध्याकाळीं लिहून काढलें. पाणबुडीचा माग घेणाऱ्या यंत्राच्या ध्वनीवरून त्यास ‘पिंग’ हें नांव मिळालें. ‘आहेस का?’ एवढाच प्रश्न तें धाडतें आणि उत्तरास लागलेला वेळ मोजतें.

हा प्रश्न जवळून दूर असा क्रमानें विचारावा लागतो. प्रथम यंत्राचा स्वतःकडेच परतणारा १२७.०.०.१ हा पत्ता; मग यजमान पेटी; मग राउटर; मग बाहेरचा एखादा आंकडी पत्ता; आणि शेवटीं नांव. आंकडी पत्ता उत्तर देतो पण नांव देत नाहीं, तर दोष मार्गांत नसून नांवावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेंत असतो. यजमान बोलतो पण राउटर बोलत नाहीं, आणि पेटी वायफायवर आहे, तर कारण बहुधा निराळेंच असतें. वायफायचा राउटर आपणांस ओळख दिलेल्या कार्डाशींच व्यवहार करतो. आंतील बिऱ्हाडांची स्वतंत्र ओळख तो मानीत नाहीं. अशा वेळीं तार जोडावी, किंवा सर्वांचें टपाल यजमानाच्याच पत्त्यावरून धाडावें.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. पुष्कळ यंत्रें सुरक्षिततेसाठीं पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहींत. समोरचें यंत्र बोलूं शकतें, याची खात्री झाल्यावरच त्याच्या मौनास अर्थ येतो.

हाच नियम आकाशाच्या शोधांतहि मोठ्या कामीं आला. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनांतून निघालेल्या गुरुत्वलहरी अमेरिकेंतील लायगोच्या दोन्ही वेधशाळांस जाणवल्या. इटलींतील व्हर्गो वेधशाळेस मात्र त्या जेमतेमच जाणवल्या. व्हर्गो बिघडलेली असती, तर तें मौन निरर्थक ठरलें असतें. पण ती चालू असल्याचें ठाऊक होतें. म्हणून लहरी तिच्या बहिऱ्या दिशेनें आल्या, असें अनुमान निघालें. शोधाचें क्षेत्र सुमारें २८ चौरस अंशांवर आलें, आणि तेरा कोटि प्रकाशवर्षें दूरच्या एन. जी. सी. ४९९३ या दीर्घिकेंत त्या घटनेचा प्रकाश सांपडला.

या वेधशाळांच्या जाळ्यांत सामील व्हावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. त्याची जागा हिंगोली जिल्ह्यांतच, औंढा नागनाथजवळ आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या त्या वेधशाळेस कांहीं ऐकूं आलें नाहीं, तरी तेंहि मोलाचें ठरूं शकेल. मात्र तिचे कान त्या क्षणीं शाबूत होते, हें आधीं ठाऊक असावें लागेल. घरांतल्या मुक्या पेटीपुढें बसलेल्या गृहस्थानेंहि पुसापुशीस हात घालण्यापूर्वीं एवढें करावें.