पासोडी, पोथी आणि मोबाईल: चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीचा मागोवा

 

आम्ही तिघं जण गेली दोन वर्षं ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबाची चित्रकथा काढतो आणि भागाभागाने इंटरनेटवर टाकतो. कुठलं वर्तमानपत्र नाही, प्रकाशक नाही. अशा कामाला हल्ली स्वतंत्र वेबकॉमिक म्हणतात. तुम्ही बोलावलंत ते त्यासाठीच. पण आमच्याविषयी शेवटी बोलू. सुरुवातीला लोक आम्हाला विचारायचे, "हे परदेशी खूळ बीड जिल्ह्यात कुठून आणलं?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे सापडलं, ते आधी सांगतो.

पहिला मुक्काम अंबाजोगाई. सोळाव्या शतकात नारायणपेठेत जन्मलेले दासोपंत पुढे अंबाजोगाईला आले आणि 1615 च्या सुमारास तिथेच त्यांनी देह ठेवला. पाच महाभूतांपासून हे शरीर आणि जग कसं घडतं, हे सांगणारा 'पंचीकरण' हा विषय त्यांनी कापडावर, पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं पांघरूण. त्यावर ओव्या आहेत आणि अक्षरांच्या जोडीला आकृत्याही आहेत. पासोडीला कॉमिक म्हणणं हा इतिहासावर जुलूम होईल, तसं आम्ही म्हणणार नाही. आमचा मुद्दा एवढाच की विषय अवघड असला तर मजकूर आणि आकृती एकाच लांब पटावर मांडावी, हा विचार आपल्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने केला होता.

आता थोडं बाहेर जाऊ. 2000 साली स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराने 'रिइन्व्हेंटिंग कॉमिक्स' या पुस्तकात असं मांडलं की संगणकाचा पडदा म्हणजे पान नाही, ती खिडकी आहे. खिडकीमागे चित्र हवं तेवढं लांब असू शकतं. पुढे दक्षिण कोरियात मोबाईलवर वरून खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा घराघरात पोचल्या. आम्ही ते वाचलं तेव्हा आम्हाला पासोडीच आठवली. पान उलटायचं नाही, पट उलगडत जायचं.

दुसरा मुक्काम चित्रकथी. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात ही कला ज्या चित्रांमुळे माहीत झाली, त्यांना आपल्या शेजारच्या पैठणचं नाव पडलं आहे. तशीच चित्रं सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाने आजवर सांभाळली. रामायण-महाभारतातली एकेक कथा म्हणजे सुट्या चित्रांची एक चळत. तिला ते पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, म्हणजे कागद उलटला की पुढचा प्रसंग. समोर माणसं बसलेली, वाद्यांची साथ आणि सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आहे. 2021 साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी पद्मश्री मिळाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पोथी सांगणाऱ्याच्या घरची असते. कधी उघडायची, कोणापुढे उघडायची आणि कधी बांधून ठेवायची, हे तो ठरवतो. आश्रय मात्र लागायचा. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडीच्या संस्थानाचा आधार होता. म्हणजे 'स्वतंत्र' हा शब्द तेव्हाही पूर्ण खरा नव्हता.

छपाई आली आणि ही मालकी बदलली. आमच्या आधीच्या पिढीने 'चांदोबा' वाचला, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. इंद्रजाल 1964 साली टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलं. त्यातला वेताळ अमेरिकेतून आलेला, फक्त मराठी बोलणारा. अस्सल मराठी घरातला मुलगा रोज भेटायला लागला तो 21 नोव्हेंबर 1991 पासून. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 'सकाळ'मध्ये सुरू झाला. आमच्यातल्या एकाने चिंटूची कात्रणं वहीत चिकटवून चित्र काढायला शिकलं. तीन-चार चौकटींत गोष्ट सुरू होऊन संपली पाहिजे, ही शिस्त तिथली. पण ती जागा वर्तमानपत्राची. चिंटूचं घर, क्रिकेट हे सगळं आम्हाला आवडायचं, पण त्यात कोपी नव्हती, फड नव्हता, मुकादम नव्हता. यात चिंटूचा काही दोष नाही. शहरातल्या वाचकाच्या दारात पडणाऱ्या पेपरात शहरातलं घरच असणार.

आता विदर्भात जाऊ. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिक्षणाने दंतवैद्य. नागझिऱ्याच्या जंगलात पाण्यात डुंबणारी वाघीण त्यांनी पाहिली आणि त्यांचा मार्ग बदलला. 2010 मध्ये त्यांनी वन्यजीवांवर 'ग्रीन ह्यूमर' ही मालिका सुरू केली आणि 2013 मध्ये ती अमेरिकेतल्या एका मोठ्या सिंडिकेटने जगभर वितरित करायला घेतली. त्यांचं पाहून आम्हाला दोन गोष्टी समजल्या. एक, विषय अगदी नेमका आणि आपल्या ओळखीचा असला तरी चालतो, त्यानेच वाचक येतो. दोन, आधी संपादकाची परवानगी मिळवून मग चित्र काढायचं, हा क्रम उलटा करता येतो.

आमच्यावर सगळ्यात मोठा परिणाम मात्र एका छापील पुस्तकाचा झाला. 2011 साली आलेलं 'भीमायन'. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारले. त्यात 1934 चा दौलताबाद किल्ल्यावरच्या पाण्याचा प्रसंग आहे. तेव्हा दौलताबाद आणि बीड दोन्ही निजामाच्याच राज्यात. या कलावंतांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. पानावर चौकटींऐवजी त्यांच्या घराच्या भिंतीवरची दिगण्याची नक्षी फिरते. प्रसंग दौलताबादचा, हात मध्य प्रदेशातल्या गोंड कलावंतांचा, तरी कुठे परकेपणा वाटत नाही. चित्रकथेला विलायती चौकट लागतेच असं नाही, हे आम्हाला तिथे कळलं.

आता आमच्या कामाकडे येतो. दसरा झाला की जिल्ह्यातून ट्रक, ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल जोडीला मिळते, खाडा झाला तर तो जोडीच्या नावावर पडतो. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा विषय देशभर गाजला, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. त्या दिवसांत बाई फोटोत यायची ती एकतर पाठमोरी किंवा पदराआड. चेहरा दाखवला तर तिची अडचण, झाकला तर ती कोणीच नाही. चित्रात मात्र तिला चेहरा देता येतो, आणि तो कोणाही एकीचा नसतो. आम्ही चित्रकथा निवडली ती या कारणासाठी.

आणि तिथेच आम्ही चुकलो. पाचव्या भागात आम्ही बैलगाडी काढली. बैलाचं एक शिंग तुटकं दाखवलं, कारण आम्ही तसा बैल खरंच पाहिला होता. तो भाग व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत त्याच टोळीत पोचला. बैलावरून घर ओळखलं गेलं, घरावरून बाई ओळखली गेली. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत गेली. आम्ही भाग त्याच रात्री काढून टाकला, तिच्याकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "तुमच्याकडचं पुसलं, लोकांच्या मोबाईलमधलं कोण पुसणार?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. चित्रकथी पोथी बांधून घरी नेऊ शकत होता, आम्ही नेऊ शकत नाही. आणि गंमत अशी की जे टिकावं असं वाटतं, ते इथे टिकत नाही. ज्या संकेतस्थळावर चित्रं ठेवलीत ते बंद पडलं, की पाच वर्षांचं काम एका दिवसात जातं. दासोपंतांची पासोडी जीर्ण झाली, तरी पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी सांभाळली म्हणून आज आहे.

म्हणून आम्ही दोन नियम केले. कोणाच्याही अनुभवावरचा भाग आधी कागदावर काढून त्या माणसाला दाखवायचा. ती किंवा तो हो म्हणेल तेव्हाच तो मोबाईलवर जाईल. नको म्हटलं तर कागद त्यांच्याच हातात द्यायचा. आणि वर्षाच्या शेवटी सगळे भाग चांगल्या कागदावर छापून जिल्ह्यातल्या वाचनालयात ठेवायचे. या नियमांमुळे आमचे भाग कमी झाले. मागच्या हंगामात चारच झाले.

त्या बाईंनी नंतर एक भाग पाहून होकार दिला. मात्र एक बदल सांगितला: कोपीसमोर चूल काढली होती, ती त्यांनी उजवीकडून डावीकडे घ्यायला लावली. "वारा तिकडून येतो," म्हणाल्या. आम्ही चूल हलवली.