माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम: कंपायलर आणि असेंबलर कुठून मिळवायचे?

१९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम भारतात आला तो जरा उशिरा. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो विकायला आणला. १९९० च्या सुमारास ही बाजारपेठ आटली, तोवर काही हजार संच खपले होते. आज सातारा-सांगलीकडे असा एखादा संच माळ्यावरून खाली उतरला, तर यंत्रापेक्षा काळजी कॅसेटची असते. साताऱ्याच्या पावसाळी दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि सांगलीत कृष्णाकाठच्या घरांत २००५ व २०१९ मध्ये पुराचे पाणी शिरले होते.

मुळात कंपायलर लागतो कशाला?

स्पेक्ट्रमच्या १६ केबी रॉममध्ये बेसिक भाषा असतेच. पण तो इंटरप्रिटर आहे. प्रत्येक ओळ चालवताना तो तिचा अर्थ नव्याने लावतो, म्हणून संथ असतो. कंपायलर संपूर्ण प्रोग्रॅमचे आधीच मशीन कोडमध्ये रूपांतर करतो. असेंबलर त्याहून खालच्या पातळीवर, म्हणजे थेट झेड८० प्रोसेसरच्या आज्ञांवर काम करतो.

अगदी छोट्या कामाला तर असेंबलरही लागत नाही. आधी ‘क्लिअर ३२७६७’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे त्यापुढची जागा बेसिकपासून सुरक्षित राहते. मग ३२७६८ पासून पुढच्या पाच पत्त्यांवर ‘पोक’ने ६२, २, २११, २५४, २०१ हे आकडे भरावेत आणि ‘रँडमाइझ यूएसआर ३२७६८’ द्यावे. पडद्याची कड लाल होते आणि पुढची कळ दाबेपर्यंत लालच राहते. पहिले दोन आकडे म्हणजे ‘ए’ रजिस्टरमध्ये २ ठेवणे, पुढचे दोन म्हणजे ते २५४ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवणे, शेवटचा म्हणजे परत येणे. असेंबलर हेच करतो, फक्त आकडे आपल्याला पाठ करावे लागत नाहीत.

जुनी साधने, नवी साधने

त्या काळी हायसॉफ्ट कंपनीचा ‘डेव्हपॅक’ नावाजलेला होता. त्यात ‘जेन्स’ हा असेंबलर आणि चुका शोधायला ‘मॉन्स’ असे. हायसॉफ्टचेच पास्कल आणि सी कंपायलरही होते. ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’ आणि ‘स्पेक्ट्रम कॉम्प्युटिंग’ या संग्रहांत अशा साधनांच्या नोंदी सापडतात. काही प्रकाशकांनी वाटपाला नकार दिलेला आहे, तेव्हा नोंदीतली परवानगीची स्थिती आधी पाहावी.

हौस म्हणून जेन्स जरूर वापरून पाहावा. पण मूळ मजकूर, असेंबलर आणि तयार झालेला कोड, सगळेच ४८ केबीत कोंबायचे असते. एक चूक झाली की यंत्र अडकते आणि टेपवर न साठवलेले सगळे जाते. त्यापेक्षा आजच्या संगणकावर लिहून स्पेक्ट्रमवर न्यावे, हे सोयीचे. असेंब्लीसाठी ‘पास्मो’ आणि ‘एसजेएएसएम प्लस’, सी साठी ‘झेड८८डीके’, बेसिकसाठी ‘बोरिएल’चा कंपायलर, चारही मोफत आहेत. पास्मो तर बेसिक लोडरसकट टॅप फाइल तयार करून देतो. ती आधी ‘फ्यूज’ या एम्युलेटरवर तपासावी. मग तिची ध्वनिफाइल करून, मोबाइलच्या हेडफोन जॅकमधून यंत्राच्या ‘इअर’ खाचेत वाजवावी. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा लागतो.

मात्र घरच्या कॅसेट टाकून देऊ नयेत. डेव्हपॅक पुन्हा मिळेल. १९८८ च्या सुट्टीत कुणी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही संग्रहात नसतो. बुरशी धरलेली टेप चांगल्या प्लेअरमध्ये घालू नये, बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. आधी ती पुसून, वाळवून घ्यावी, मग संगणकावर वेव्ह फाइल म्हणून ध्वनिमुद्रित करावी. टेप दर वेळी थोडी झिजते, त्यामुळे पहिल्याच वादनात हे मुद्रण झालेले बरे.