प्रवासात दुपारच्या जेवणासाठी क्राफ्ट ब्रुअरी कशी निवडावी?

जाफराबाद हे जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. ज्वारी, मका, कापूस, सोयाबीन पिकवणाऱ्या या भागात जेवणासोबत ताजी बिअर देणारी मायक्रोब्रुअरी शोधूनही सापडणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात बिअरचे मोठे कारखाने आहेत, पण ते बाटल्या आणि कॅन भरणारे कारखाने आहेत, तिथे जेवायला बसण्याची सोय नसते. त्यामुळे तालुक्यातली माणसे लग्नकार्य, मुलांचा प्रवेश, दवाखाना किंवा सरकारी काम यासाठी पुण्या-मुंबईला जातात, तेव्हाच बहुतेकांची मायक्रोब्रुअरीशी पहिली गाठ पडते. काम दुपारी आटोपते, भूक लागलेली असते आणि नातेवाईक किंवा मित्र म्हणतो, "चल, इथे स्वतःची बिअर बनवतात." अशा वेळी जागा कशी पारखावी, काय मागवावे आणि परतीच्या प्रवासाचे काय, हे आधी माहीत असलेले बरे.

मायक्रोब्रुअरी म्हणजे काय?

बिअरचे मूळ घटक चार : पाणी, मोड आणून वाळवलेले जव (माल्ट), हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढतात, ते गोड पाणी हॉप्स घालून उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालून आंबवतात. यीस्ट साखर खाते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मोठ्या कारखान्यात आणि छोट्या ब्रुअरीत मूळ क्रिया हीच असते.

फरक पुढे पडतो. कारखान्यातली बिअर महिनोन्महिने टिकावी म्हणून ती सहसा गाळून पाश्चराइज करतात. मायक्रोब्रुअरीतली बिअर थोड्या प्रमाणात बनते, बहुधा पाश्चराइज केलेली नसते आणि टाकीतून थेट नळाला, म्हणजे टॅपला येते. म्हणून तिला ताजी चव असते आणि म्हणूनच ती लवकर बिघडतेही. दूध आणि दुधाची पावडर यांत असतो तसा हा फरक. 'क्राफ्ट' हा शब्द मात्र व्यापारात सैलपणे वापरला जातो. पाटीवर तो लिहिलेला असला म्हणून आतली बिअर चांगलीच असेल असे नाही.

महाराष्ट्रातली सुरुवात

देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक पुण्यात 2009 साली कोरिंथियन्स हॉटेलात सुरू झाली. तिचे नाव 'दूलाली'. नाव इंग्रजी वाटले तरी त्याचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. ब्रिटिश काळात देवळालीला लष्करी छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत सैनिक तिथे दिवसच्या दिवस रिकामे बसत आणि त्यांचे डोके फिरते असे गमतीने म्हटले जाई. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'दूलाली' म्हणू लागले. पुढे पुण्यात मुंढव्याची 'इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी', तसेच 'एफिंगट', 'ग्रेट स्टेट एल वर्क्स' अशी नावे आली आणि मुंबईतही लोअर परळसारख्या जुन्या गिरणगावात अशा जागा उघडल्या. आज पुण्यात कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर, बालेवाडी या भागांत त्यांची संख्या जास्त आहे.

ही लाट जगभरातली आहे. ब्रिटनमध्ये पारंपरिक बिअर टिकवण्यासाठी 1971 साली ग्राहकांनी चळवळ सुरू केली. अमेरिकेत 1978 साली घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली. त्या घरगुती हौसेतूनच पुढे तिथल्या अनेक छोट्या ब्रुअरी उभ्या राहिल्या.

जागा कशी पारखावी?

पहिली खूण टाक्यांची. बिअर तिथेच बनत असेल तर काचेआड स्टीलच्या किंवा तांब्याच्या टाक्या बहुधा दिसतात. टाक्या नसल्या म्हणजे फसवणूक आहे असे नव्हे. काही टॅपरूममध्ये दुसऱ्या जागी बनवलेली बिअर पिंपातून आणतात. ती बिअर कुठून आणि कधी आली, हे सांगणारा माणूस तिथे आहे का, ते पाहावे.

दुसरी खूण फळ्याची. चांगल्या जागी आज टॅपवर काय आहे ते लिहिलेले असते : नाव, प्रकार आणि अल्कोहोलचे प्रमाण. यादीत दहा नावे आहेत आणि त्यातली सहा 'आज नाही' असतील, तर उरलेल्या चारांबद्दलही नीट विचारावे.

तिसरी खूण ग्लासची. स्वच्छ ग्लासात बिअरचा फेस टिकतो आणि पिताना आतल्या बाजूला त्याच्या कडा उमटतात. ग्लासच्या भिंतीला जागोजागी बुडबुडे चिकटले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. जिथे ग्लास नीट धुतले जात नाहीत, तिथे नळ्या साफ होत असतील याची खात्री नसते.

चौथी खूण वासाची. व्हिनेगरसारखा आंबट वास किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर बिघडलेली असू शकते. पातळ लोण्यासारखा वास येणे हाही बहुतेक प्रकारांत दोषच मानतात. गव्हाची बिअर मात्र मुळातच गढूळ असते, ते बिघडल्याचे लक्षण नाही. मुद्दाम आंबट बनवलेले प्रकारही असतात. शंका आली तर सांगावे. चांगली जागा वाद न घालता ग्लास बदलून देते.

पाचवी खूण स्वयंपाकघराची. दुपारी बाहेर पडण्याचे मूळ कारण जेवण आहे. काही ब्रुअरींत बिअरवर मेहनत असते आणि खायला नुसते तळलेले चखणे. मेन्यूत पोटभर जेवण आहे का, शाकाहारी माणसाला पनीरपलीकडे काही आहे का, हे बसण्याआधीच पाहावे.

जेवताना काय मागवावे?

पहिल्यांदाच जाणाऱ्याने मोठा मग मागवू नये. बऱ्याच जागी चार-पाच प्रकारांचे छोटे ग्लास एकत्र देतात, त्याला सॅम्पलर किंवा टेस्टर म्हणतात. काही ठिकाणी घोटभर चव विनामूल्यही देतात, विचारायला संकोच करू नये.

गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझनला, यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा मंद वास येतो. ती कडवट नसते. तळलेले मासे, कोथिंबीर वडी, भजी यांच्याबरोबर ती जमते. लागर हलकी आणि स्वच्छ चवीची, बाटलीतल्या बिअरची सवय असलेल्याला ओळखीची वाटणारी. इंडिया पेल एल, अर्थात आयपीए, हॉप्समुळे चांगलीच कडवट असते. स्टाउट भाजलेल्या माल्टची, काळी, कॉफीची आठवण करून देणारी. ती भाजलेल्या मटणाबरोबर किंवा चॉकलेटच्या गोडाबरोबर चांगली लागते. सायडर सफरचंदाच्या रसापासून आणि मीड मधापासून बनते. ती बिअर नव्हेत, पण मेन्यूत शेजारी दिसतात.

मराठवाड्याच्या जिभेसाठी एक सूचना : ठेचा किंवा काळ्या मसाल्याच्या रश्शाबरोबर आयपीए घेऊ नये. कडवटपणा आणि अल्कोहोल यांमुळे तिखट अधिक झोंबते. मिरचीतला तिखट घटक पाण्यात नीट विरघळत नाही आणि बिअर बहुतांशी पाणीच असते, म्हणून तिने आग विझत नाही. त्याला दहीभातच बरा.

ज्वारीची बिअर का नाही?

जाफराबादच्या माणसाला पडणारा हा रास्त प्रश्न. ज्वारीची बिअर जगात आहे, आणि ती जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत ज्वारी आणि मक्यापासून 'उमकोंबोथी' नावाची दाट, आंबूस बिअर घरोघरी करतात. भारतातही झारखंड-ओडिशात तांदळाची हंडिया आहे. जवाचा दाणा मात्र माल्ट करायला सोयीचा. त्यात स्टार्चची साखर करणारी विकरे भरपूर असतात आणि त्याची टरफले गाळणीचे काम करतात. ज्वारीच्या दाण्याला तसे टरफल नसते आणि तिचा स्टार्च फुलायला जास्त तापमान लागते. तरीही ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसल्याने आणि ती इथेच पिकत असल्याने काही भारतीय ब्रुअर हे धान्य वापरून पाहतात. फळ्यावर असे नाव दिसले तर चव घेऊन पाहावी.

या उद्योगाला दुसरी बाजूही आहे. एक लिटर बिअर बनवताना धुण्या-निवण्यासह कित्येक लिटर पाणी लागते. 2016 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता आणि न्यायालयाने त्यांच्या पाण्यात कपात करायला सांगितले होते. टँकरची वाट पाहिलेल्या गावांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइन पिण्यासाठी वयाची किमान अट 21 वर्षे आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षे. कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. एका दिवसाचा परवाना अनेकदा बारमध्येच दिला जातो. सोबत मुले असतील तर प्रवेशाबद्दल आधी फोन करून विचारावे.

26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी मद्यविक्री बंद असते. मतदान संपण्याआधीचे 48 तासही बंदी असते. पुण्यात गणेश विसर्जनासारख्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचे वेगळे आदेश निघतात. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे पूर्ण दारूबंदीचे आहेत. समृद्धी महामार्गाने जालन्याहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्हा लागतो, म्हणून गाडीत बाटली ठेवून त्या दिशेला निघू नये.

बिलाचे गणितही वेगळे असते. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. जेवणावर जीएसटी लागतो, बिअरवर राज्याचा व्हॅट. मेन्यूतल्या किमतीत कर धरला आहे की नाही, ते मागवण्याआधी विचारावे. सेवा शुल्क ग्राहकावर सक्तीने लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरले. ते द्यायचे नसेल तर बिलातून काढायला सांगता येते.

गाडी कोण चालवणार?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. पुण्याहून जाफराबाद तीनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. 'दुपारी एकच बिअर घेतली, संध्याकाळपर्यंत उतरेल' हा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे.

500 मिलिलिटर ग्लासात 5 टक्क्यांची बिअर असेल तर त्यात 25 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. साधारण 65 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात ते दर 100 मिलिलिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे एका मोठ्या ग्लासातही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पोटात जेवण असेल तर आकडा थोडा खाली येतो. वजन कमी असेल किंवा पिणारी स्त्री असेल तर तो वर जातो. शरीर तासाला साधारण 7 ते 8 ग्रॅम अल्कोहोल निकाली काढते, म्हणून एका ग्लासाला अडीच-तीन तास आणि दोन ग्लासांना पाच-सहा तास लागतात. क्राफ्ट बिअरमध्ये 7-8 टक्क्यांचे प्रकारही असतात, त्यांचा हिशेब दीडपट धरावा. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

मर्यादा ओलांडून गाडी चालवताना पहिल्यांदा सापडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. पण दंड आणि विमा नंतरच्या गोष्टी. रात्रीच्या महामार्गावर चालकाच्या एका डुलकीची किंमत मागच्या सीटवरचे आईवडील आणि मुले मोजतात.

म्हणून सोपा नियम : ज्या दिवशी परतायचे, त्या दिवशी चालकाने एक थेंबही घेऊ नये. घ्यायचीच असेल तर मुक्कामाच्या दिवशी घ्यावी आणि रिक्षा, टॅक्सी किंवा मेट्रोने ये-जा करावी. पुण्यात वनाज-रामवाडी मेट्रोवर बंडगार्डन आणि कल्याणीनगर ही स्थानके कोरेगाव पार्कच्या बाजूला पडतात. गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि मेट्रोनिडॅझोलसारखी औषधे घेणारे यांनी बिअर टाळावी. मधुमेहाच्या रुग्णाने डॉक्टरांना आधी विचारावे.

निघण्याआधी पाहण्याच्या गोष्टी

• आज ड्राय डे किंवा निवडणुकीची बंदी नाही ना?
• दुपारी स्वयंपाकघर सुरू असते का? सुट्टीच्या दिवशी जागा राखून ठेवावी लागते का?
• टॅपवर आज नेमके काय आहे आणि अल्कोहोल किती टक्के?
• न पिणाऱ्यांसाठी सरबत, सोडा आणि पोटभर जेवण आहे का?
• मेन्यूतली किंमत करासह आहे का?
• परत गाडी कोण चालवणार, हे ठरले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिली ऑर्डर देण्याआधी ठरवावे. चालक ठरला की बाकीच्यांनी निवांत जेवावे आणि चालकासाठी कोकम सरबत मागवावे.