हेडलाइटवर बर्फ जमला तर गरम पाणी का ओतू नये?

पुणेकरांच्या गाडीवर बर्फ कुठून येणार, असं वाटतंय? मग डिसेंबर-जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकजवळ चक्कर मारा. गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरा थर जमलेला दिसतो. हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी हे होतं, कारण निरभ्र रात्री पत्रा आणि काच आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही गार पडतात. शेडखाली लावलेली गाडी म्हणूनच बऱ्याचदा यातून सुटते.

हा थर पातळ असतो, फडक्याने निघतो. खरी पंचाईत होते मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सूला जाताना. बर्फ पडत असताना गाडी चालवली की हेडलाइटवर थर चढत जातो. हॅलोजन बल्बच्या उष्णतेने तो बराचसा वितळायचा. एलईडीची उष्णता मात्र मागच्या बाजूला जाते आणि पुढचं कव्हर गारच राहतं. म्हणजे इथे जुनी गाडी बरी!

त्यामुळे अधूनमधून सुरक्षित जागी थांबून मऊ ब्रशने दिवे झाडा, मागचेही. हेडलाइटची ‘काच’ हल्ली पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, त्यामुळे चमचा किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कायमचे ओरखडे पडतील. चिवट बर्फावर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी फवारा (पेटती सिगारेट लांब ठेवून). उकळतं पाणी मात्र नकोच. तापमान एकदम बदलल्याने तडा जाऊ शकतो आणि ओघळलेलं पाणी थोड्या वेळात पुन्हा गोठतं.