मेंदूतरंग, खेळ आणि स्वमग्न मूल

येना येथील हान्स बर्गर याने १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्‌तरंगांची पहिली नोंद केली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. पुढे १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनरने अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेस शास्त्रीय चर्चेत स्थान मिळवून दिले. हे दोन प्रवाह एकत्र येण्यास मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

नोंदीकडून नियंत्रणाकडे संशोधन वळले ते १९६० नंतर. बॅरी स्टर्मनने बक्षिसाच्या योगे मांजरांना विशिष्ट तरंग वाढविण्यास शिकविले, आणि १९७२ साली हीच रीत अपस्माराच्या रुग्णावर योजिली गेली. १९७३ साली झाक विदाल याने मेंदू व संगणक यांच्या प्रत्यक्ष संवादाची कल्पना मांडली. १९९६ साली ॲलन पोप व सहकाऱ्याने लक्ष टिकविण्याच्या सरावासाठी मेंदूतरंगांवर चालणारा पडद्यावरील खेळ पुढे आणला.

स्वमग्नतेच्या संदर्भात ‘म्यू’ तरंगास महत्त्व आले. स्वतः हात हालविताना हा तरंग मंदावतो. दुसऱ्याची हालचाल पाहतानाही सामान्यतः मंदावतो. स्वमग्न व्यक्तींमध्ये हा दुसरा परिणाम आढळला नाही, असे २००५ साली ओबरमन व सहकाऱ्यांनी नोंदविले. त्या तरंगास वळण लावल्यास अनुकरण व सामाजिक आकलन सुधारेल, या अपेक्षेने पिनेडा याने २००८ साली प्रशिक्षणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. २०१४ साली त्याच परंपरेतून स्वमग्न मुलांसाठी खास खेळाची मांडणी झाली.

तथापि तरंग बदलणे आणि मूल बदलणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. नेदरलंड्समधील कौइझर व सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या प्रयोगात ३८ जण होते. मेंदूतरंगांचे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी ५४ टक्के आपले तरंग लक्षणीयरीत्या कमी करू शकले. त्यांच्या विचारातील लवचिकता वाढली; स्वमग्नतेची लक्षणे मात्र लक्षणीयरीत्या घटली नाहीत. म्हणजे बौद्धिक विकासास साह्य हा दावा मर्यादित अर्थानेच स्वीकारावा लागतो.

भाषेच्या अभ्यासकास येथे कॅनरचेच उदाहरण बोधप्रद वाटावे. अकरांपैकी आठ मुले बोलत होती. परंतु त्यांची भाषा इतरांपर्यंत अर्थ पोहोचवीत नाही, असा निष्कर्ष त्याने १९४३ साली काढला होता. १९४६ साली त्यानेच दाखविले की, असंबद्ध वाटणाऱ्या त्यांच्या कित्येक उद्गारांचा उगम मुलाच्या पूर्वानुभवात सापडतो. दोष उच्चारात नव्हता. ऐकणाऱ्यास तो संदर्भ ठाऊक नव्हता. मेंदूतरंगांच्या आलेखाबाबतही हाच विवेक आवश्यक आहे. खेळात मिळालेले गुण मुलाच्या घरातील व शाळेतील व्यवहाराशी ताडून पाहिल्यावाचून त्यांस विकास हे नाव देता येणार नाही.